पाच तारे, बी ग्रेड की साठ हजार किलोमीटर? तीन टायर, तीन लेबलं

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही चिपळूणला राहता. पेट्रोल हॅचबॅक, टायरचा साइज १८५/६५ आर १५, वर्षाला साधारण बारा हजार किलोमीटर. रोज गावातल्या गावात, आणि दर पंधरा दिवसांनी कुंभार्ली घाट चढून कराडला, कधी पुढे पुण्यापर्यंत. गाडीबरोबर आलेले टायर गोटा व्हायला आलेत, पावसाळ्याआधी चारही बदलायचेत. दुकानात तीन टायर समोर ठेवले. पहिल्यावर पाच ताऱ्यांचं लेबल. दुसऱ्यावर युरोपातलं रंगीत पट्ट्यांचं: इंधन सी, ओला रस्ता बी, आवाज ७० डेसिबल. तिसऱ्यावर लेबलच नाही, पण दुकानदार छातीठोकपणे म्हणतोय, "लेबल सोडा, हा साठ हजार जातोच." दुसरा टायर बाकी दोघांपेक्षा नगामागे आठशे रुपयांनी महाग. कोणता घ्यावा?

मी तुमच्या त्याच घाटाच्या अलीकडे, कराडला टायर आणि अलाइनमेंटचं काम करतो. जूनमध्ये घाट उतरून आलेल्या गाड्यांचे टायर रोज बघतो, तेव्हा माझा कल कुठे आहे हे लपवण्यात अर्थ नाही: तुमच्यासाठी दुसरा. पण हा निकाल तुमच्या रस्त्याचा आहे, टायरचा नाही. हाच प्रश्न सोलापूर-पुणे भाडं मारणाऱ्या एखाद्याने विचारला असता तर मी कदाचित पहिल्याकडे बोट दाखवलं असतं.

खरी अडचण अशी की हे तीन दावे तीन वेगवेगळ्या गोष्टींबद्दल आहेत. पाच तारे इंधनाबद्दल बोलतात. युरोपचं लेबल इंधन, ओल्या रस्त्यावरचं ब्रेकिंग आणि बाहेर जाणारा आवाज यांबद्दल. दुकानदार बोलतोय आयुष्याबद्दल, ज्याविषयी पहिली दोन्ही लेबलं अवाक्षर काढत नाहीत. एकाची उंची, दुसऱ्याचं वजन आणि तिसऱ्याचं वय हातात आहे आणि "यातला मोठा कोण" असं तुम्ही विचारताय.

ताऱ्यांपासून सुरुवात करू. हे तारे ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सीचे, म्हणजे फ्रिज आणि एसीवर तारे देणारी तीच सरकारी संस्था. टायर रस्त्यावर फिरताना किती ऊर्जा खातो, ज्याला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात, त्यावर हे तारे ठरतात. योजना ऐच्छिक म्हणून सुरू झाली, त्यामुळे तारे नसलेला टायर वाईट असं समजू नका. कंपनीने तो त्या योजनेत दिलाच नसेल. आणि पाच तारे पाहून "सगळ्यात भारी टायर" असंही समजू नका. फ्रिजच्या बाबतीत वीज कमी खाणं हाच मोठा गुण असतो. टायरच्या बाबतीत तो अनेक गुणांपैकी एक आहे.

आता तिसरा, बिनलेबलाचा. तो अगदीच कोरा नसणार. त्याच्या बाजूच्या भिंतीवर आयएसआय मार्क असेलच, त्याशिवाय कारचा टायर आपल्याकडे विकता येत नाही. शिवाय केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जून २०२२ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि कार, हलकी व्यावसायिक वाहनं आणि ट्रक-बस यांच्या टायरना रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज अशा तिन्ही कसोट्या लावल्या. त्या एआयएस-१४२ नावाच्या मानकात आहेत. नव्या डिझाइनना ऑक्टोबर २०२२ पासून, आधीपासून बाजारात असलेल्यांना २०२३ पासून. म्हणजे आज ताज्या तारखेचा जो टायर तुम्ही घ्याल तो या तिन्ही कसोट्यांची किमान पातळी ओलांडलेला असतो.

पण किमानच. काही टायरवर गोलातल्या इंग्रजी ई अक्षराशेजारी एक लांब क्रमांक आणि त्यानंतर एस २ डब्ल्यू आर २ अशी अक्षरं दिसतील. एस आवाजाचं, डब्ल्यू ओल्या पकडीचं, आर रोलिंग रेझिस्टन्सचं. ही संयुक्त राष्ट्रांच्या नियमाखालची मंजुरी आहे. ती निकालात फक्त "उत्तीर्ण" लिहावं तशी आहे, गुण किती पडले ते कळत नाही. काठावर पास झालेला आणि पहिला आलेला, दोघांच्याही भिंतीवर तीच अक्षरं.

गुण कळतात ते युरोपच्या लेबलवर. हे लेबल तिकडे नोव्हेंबर २०१२ पासून सक्तीचं झालं, आणि मे २०२१ पासून त्याचं सुधारित रूप आलं: आधी ए ते जी अशा श्रेणी होत्या, आता ए ते ई, त्यात ए सगळ्यात वरची. वरच्या कोपऱ्यात एक क्यूआर कोड असतो, तो मोबाइलवर टिपला की युरोपीय संघाच्या नोंदवहीत त्या नेमक्या टायरचं पान उघडतं. हे जरूर करा, कारण एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या साइजना वेगवेगळ्या श्रेणी मिळतात. १७ इंचीला ओल्या रस्त्यासाठी ए मिळाला म्हणून जाहिरातीत ए छापतात आणि तुमच्या १५ इंचीला प्रत्यक्षात सी असतो, असं होतं. तुमच्या साइजचा, तुमच्या लोड इंडेक्सचा (टायर किती भार पेलतो ते सांगणारा क्रमांक) आकडा बघा. आणखी एक, लेबल ज्या टायरवर चिकटवलंय तोच तुम्हाला बसवतायत ना, तेही बघा. नाव तेच असलं तरी दुसऱ्या कारखान्यातला, दुसऱ्या बाजारासाठी बनवलेला टायर सारखाच असेल असं गृहीत धरू नका.

आता त्या लेबलवरची सगळ्यात महत्त्वाची ओळ, ढग आणि थेंबांचं चित्र असलेली. ओल्या डांबरी रस्त्यावर ठरावीक खोलीचं पाणी, साधारण अर्धा ते दीड मिलिमीटर. एबीएसची, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेली गाडी ८० च्या वेगात आणतात, ब्रेक दाबतात आणि २० पर्यंत वेग उतरायला किती अंतर लागलं ते मोजतात. मग ते एका ठरवून दिलेल्या संदर्भ टायरशी ताडून गुणांक काढतात. कारच्या टायरसाठी १.५५ आणि त्यावर असेल तर ए, १.४० पासून बी, १.२५ पासून सी, १.१० पासून डी, त्याखाली ई.

हे आकडे कोरडे वाटतात म्हणून अंतरात मांडतो. ए चं ब्रेकिंगचं अंतर ई पेक्षा जवळपास तीस टक्क्यांनी कमी असतं. ८० च्या वेगातून चांगल्या टायरवरची गाडी ओल्या रस्त्यावर ४० मीटरमध्ये थांबली असं धरा. खालच्या टायरवरच्या गाडीला सत्तावन्नएक मीटर लागतील. सतरा मीटर म्हणजे आपल्याकडच्या चार मीटरच्या आतल्या चार गाड्या एकामागे एक. आणि पहिली गाडी जिथे थांबली, तिथून दुसरी जाताना तिचा वेग अजून चाळीसच्या वर असतो. लोक मीटर ऐकून मान डोलावतात, हा वेग ऐकल्यावर गप्प होतात. एका श्रेणीचा फरक, म्हणजे बी आणि सी, तसा लहान: ४० मीटरला चारेक मीटर. पण त्याही वेळी मागची गाडी त्या जागेवरून पंचवीसएकच्या वेगाने जात असते. बंपर मोडायला तेवढा वेग पुष्कळ झाला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कुंभार्लीच्या वळणांवर तुम्ही ८० ने जात नाही. ४० च्या वेगात थांबण्याचं अंतर चौथ्या हिश्शावर येतं आणि एका श्रेणीचा फरक मीटरभराचा उरतो. उतारावर थोडा वाढतो. शिवाय वळणावर लागते ती आडवी पकड, आणि लेबलची चाचणी सरळ रेषेत ब्रेक दाबून होते. बहुतेक वेळा जो टायर ओल्यात नीट थांबतो तो वळणावरही नीट धरतो, कारण रबर तेच. पण लेबल त्याची हमी देत नाही. त्यामुळे बी श्रेणीचा तुम्हाला सगळ्यात मोठा फायदा घाटात नाही, तर पाटणच्या पुढे रस्ता सुटतो आणि पाय आपसूक दाबला जातो तिथे, आणि गोवा महामार्गावर होईल. घाटात फायदा देईल तो कमी ठेवलेला वेग.

दुसरी मर्यादा याहून मोठी. चाचणीतलं पाणी फार तर दीड मिलिमीटर. आपल्याकडे जुलैमध्ये रस्त्यावर पाणी साचतं ते बोटभर. तिथे प्रश्न रबराच्या पकडीचा राहतच नाही. टायर पाण्यावर चढतो आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. याला अ‍ॅक्वाप्लेनिंग म्हणतात. ते किती लवकर होईल हे नक्षीची उरलेली खोली, टायरमधली हवा आणि तुमचा वेग यांवर ठरतं. ए श्रेणीचा पण झिजलेला टायर अशा पाण्यात सी श्रेणीच्या नव्या टायरपुढे हरतो. कायद्याने कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, खाचांमध्ये त्यासाठी लहान उंचवटे ठेवलेले असतात. कोकणातल्या गाडीसाठी मी त्या उंचवट्यांची वाट बघू नका म्हणतो. मे महिन्यात नक्षी तीनच्या खाली असेल तर पावसाळ्याआधी बदला. डिसेंबरात तीन असेल तर मे पर्यंत खुशाल वापरा.

आणि पहिल्या पावसाचा चिखल, डिझेल सांडलेलं वळण, डोंगरातून रस्त्यावर आलेली तांबडी माती, यांच्यासाठी जगात कुठलीच श्रेणी नाही.

लेबल नव्या टायरचं असतं, हेही यातच आलं. वीस-तीस हजार किलोमीटरनंतर त्याची ओली पकड किती उरेल, हे त्या अक्षरावरून कळत नाही. युरोपने याची दखल घेऊन २०२४ पासून नव्या डिझाइनच्या कार टायरना झिजलेल्या अवस्थेतही ओल्या पकडीची कसोटी लावली आहे. लेबलवर मात्र अक्षर अजून नव्याचंच.

आता इंधन, म्हणजे पाच तारे. टायर फिरताना जमिनीला टेकणारा भाग प्रत्येक फेऱ्यात दबतो आणि मोकळा होतो. या दाबण्यात गेलेली सगळी ऊर्जा रबर परत देत नाही, थोडी उष्णतेत घालवतं. तेच तुमचं पेट्रोल. युरोपात हे एका टनाच्या भाराला किती किलोचा विरोध असं मोजतात: कारसाठी साडेसहापर्यंत ए, मग साधारण सव्वा-दीड किलोच्या पायऱ्या, आणि साडेदहाच्या वर ई.

तुमचा हिशोब करू. वर्षाला बारा हजार किलोमीटर, लिटरला सोळाचं ॲव्हरेज, म्हणजे ७५० लिटर. एका श्रेणीने इंधनात सव्वा टक्क्याच्या आसपास फरक पडतो. समजा पाच ताऱ्यांचा टायर तुमच्या दुसऱ्या टायरपेक्षा पूर्ण दोन श्रेणी वरचा निघाला. अडीच टक्के, म्हणजे एकोणीस लिटर, म्हणजे वर्षाला दोन हजार रुपयांच्या आतबाहेर. चार वर्षांत आठ हजार. ही रक्कम काही थट्टेवारी नेण्यासारखी नाही. वर्षाला पन्नास हजार किलोमीटर पळणाऱ्या, पाऊस बेताचा असलेल्या भागातल्या टॅक्सीवाल्याला हीच बचत चौपट होते, म्हणून सुरुवातीला त्याचं उदाहरण दिलं. विजेच्या गाडीवाल्यालाही हा आकडा महत्त्वाचा, त्याला तो रेंजमध्ये दिसतो.

पण ही बचत कागदावरची आहे, आणि ती हवेत जाते. अक्षरशः हवेत. चाचणी ठरलेल्या दाबावर होते. तुमच्या टायरमध्ये सहा-सात पीएसआय हवा कमी असेल तर जवळपास एक श्रेणी तिथेच गेली. दुकानात येणाऱ्या गाड्यांची हवा मी सवयीने तपासतो, आणि कमी हवेवर चालणाऱ्या गाड्या अपवाद नाहीत. महिन्यातून एकदा, सकाळी, टायर थंड असताना हवा तपासणारा माणूस सी श्रेणीच्या टायरवर जे वाचवतो ते हवेकडे न बघणारा पाच ताऱ्यांवर वाचवत नाही.

आणखी एक तक्रार तुमच्याकडूनही येईल, म्हणून आधीच सांगून ठेवतो: "नवे टायर टाकले आणि ॲव्हरेज पडलं." ते खरंच पडतं. झिजलेल्या टायरवर रबर कमी, त्यामुळे दबण्या-फुगण्यात जाणारी ऊर्जाही कमी. जुना गोटा टायर रोलिंग रेझिस्टन्समध्ये नव्यापेक्षा सरस असतो. शिवाय गाडीबरोबर येणारे टायर कंपनीने मायलेजचा आकडा डोळ्यांसमोर ठेवून निवडलेले असण्याची शक्यता जास्त. त्यामुळे तुलना जुन्या टायरशी करून नव्याला दोष देऊ नका.

मग एकच टायर सगळ्यात चांगला का बनवत नाहीत? इथे रबराचाच स्वभाव आडवा येतो. रस्त्याला धरून राहायला रबराने ऊर्जा गिळावी लागते. इंधन वाचवायला त्याने ती गिळू नये. सुटका एवढीच की या दोन गोष्टी वेगवेगळ्या वेगाने घडतात. फिरताना टायर एका फेऱ्याला एकदा दबतो, तर ब्रेक दाबल्यावर रस्त्यावरच्या बारीक खडीवर रबर सेकंदाला हजारो-लाखो वेळा थरथरतं. नक्षीच्या रबरात नेहमीच्या कार्बन ब्लॅकऐवजी (काजळीसारखी काळी भुकटी) बरीचशी सिलिका मिसळली तर पहिल्या कामात ऊर्जा कमी जाते आणि दुसऱ्यात पकड टिकते. मिशेलिनने १९९२ मध्ये असे टायर बाजारात आणले आणि मग सगळा धंदा त्या वाटेने गेला. पण सिलिका रबरात सहजासहजी मिसळत नाही, तिला जोडणारं रसायन वेगळं लागतं, मिश्रणाला वेळ लागतो. म्हणून इंधन आणि ओली पकड दोन्हीत वरच्या श्रेणीचा टायर सहसा महाग असतो.

याचा उपयोग तुम्हाला असा: पाच तारे आहेत आणि किंमतही कमी, तर बदल्यात काय सोडलंय ते विचारा. ओली पकड असेल, आयुष्य असेल. एक साधी युक्ती म्हणजे नक्षीच कमी खोल ठेवायची. रबर कमी, रोलिंग रेझिस्टन्स कमी, तारे जास्त. हे प्रत्येक पाच ताऱ्यांच्या टायरबाबत खरं असेल असं मी म्हणत नाही. पण दुकानात खोली मोजायचा गेज असतोच. तिन्ही टायर तुमच्यासमोर मोजायला लावा. नव्या कार टायरची खोली साधारण सात-आठ मिलिमीटर असते. एक मिलिमीटर म्हणजे तुमच्यासारख्या वापरात सहा ते आठ हजार किलोमीटर. एकात सात आणि दुसऱ्यात आठ निघाले तर हा फरक ताऱ्यांच्या हिशोबात मांडायला हवा.

त्याच गेजने साठ हजारांचा दावाही तपासता येतो. आठ मिलिमीटरचा टायर, तीनला बदलायचा, म्हणजे वापरायला मिळाले पाच. साठ हजार जायचे तर मिलिमीटरला बारा हजार पडले पाहिजेत. सपाट महामार्गावर, एका वेगात, अलाइनमेंट नीट असेल तर अशक्य नाही. कुंभार्लीच्या वळणांवर आणि चिपळूणच्या खड्ड्यांत मी तरी त्यावर पैज लावणार नाही. आणि जो टायर खरंच इतका जातो त्याचं रबर बहुधा कडक असतं. कडक रबर ओल्यात कसं वागतं हे दुकानदाराला विचारा. "पावसाळ्यात जरा जपून चालवायची" असं उत्तर आलं तर तुमचा निर्णय झाला.

आयुष्याबद्दल बोलणारी एक खूण मात्र भिंतीवर असू शकते: ट्रेडवेअर ४००, ट्रॅक्शन ए, टेंपरेचर ए अशी. ही अमेरिकेची पद्धत, आपल्याकडच्या बऱ्याच टायरवर छापलेली दिसते. टेक्सासमध्ये सार्वजनिक रस्त्यांवर गाड्यांचा ताफा ७,२०० मैल चालवतात, संदर्भ टायरच्या तुलनेत झीज मोजतात आणि त्यावरून कंपनी आकडा लावते. ४०० चा टायर ३०० च्यापेक्षा जास्त टिकावा, पण ही तुलना एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येच करावी. एका कंपनीचा ४०० आणि दुसरीचा ४०० सारखे नसतात. ट्रॅक्शनची, म्हणजे पकडीची, चाचणी ओल्या रस्त्यावर चाक पूर्ण जाम करून होते, ती एबीएसच्या आधीच्या काळातली आहे, म्हणून युरोपचं अक्षर मिळत असेल तर मी तेच धरतो. टेंपरेचर मात्र बघा. ए म्हणजे उष्णता सहन करण्यात वरचा दर्जा. मे महिन्यात मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे किंवा समृद्धीच्या काँक्रीटवर गाडी भरून जाणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. तरी तिथे टायर फुटतात त्यामागे श्रेणीपेक्षा कमी हवा, म्हातारं रबर आणि भिंतीवर आलेला फुगा हीच कारणं मला जास्त दिसतात.

आवाजाचं एका परिच्छेदात आटोपतो. ते ७० डेसिबल गाडीच्या आतले नाहीत. इंजिन बंद करून गाडी ८० च्या आसपासच्या वेगात नुसती घरंगळत नेतात आणि रस्त्याच्या मध्यापासून साडेसात मीटरवर माइक ठेवून मोजतात, तेही खास गुळगुळीत डांबरावर. रस्त्याकडेला राहणाऱ्यांसाठी तो आकडा आहे. तीन डेसिबलने ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते हे खरं, पण तुमच्या कानाला काँक्रीट आणि डांबर यांतला फरक कुठल्याही दोन टायरमधल्या फरकापेक्षा जास्त जाणवेल. याच्यावरून निवड करू नका. लेबलवर डोंगर आणि हिमकणाचं चित्र दिसलं तर तो बर्फासाठीचा टायर. चिपळूणला तो घेण्याचं काही कारण नाही.

तेव्हा दुकानात परत जाल तेव्हा असं करा. पहिल्या आणि तिसऱ्या टायरची ओल्या पकडीची श्रेणी कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा ग्राहक क्रमांकावर विचारा, तुमच्याच साइजची. पाच ताऱ्यांच्या टायरला ओल्यातही बी किंवा ए निघाला आणि नक्षीची खोली पुरेशी असेल, तर माझं मत बदललं, तो घ्या. इंधनाची बचत वर. सी निघाला तर आठशे रुपये जास्त देऊन दुसरा. श्रेणी कळलीच नाही तरीही दुसराच, कारण त्याच्याबद्दल तुम्हाला निदान माहिती आहे. चार टायरचे ३,२०० रुपये जास्त जातील, तीन-चार पावसाळ्यांत विभागले तर पावसाळ्याला हजाराच्या आसपास. तिसरा टायर मी तुमच्या गाडीसाठी यादीतूनच काढतो.

लोड इंडेक्स आणि वेगाचं अक्षर दाराच्या खांबावरच्या स्टिकरशी ताडून घ्या. ८८ एच म्हणजे एका टायरला ५६० किलो आणि ताशी २१० पर्यंत. कंपनीने दिलंय त्याच्या खाली जाऊ नका, वर गेलात तर हरकत नाही. तारीख बघा: भिंतीवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२५ असेल तर २०२५ सालचा तेविसावा आठवडा. वर्षाच्या आतला माल मागा, दोन वर्षांपूर्वीचा स्वस्तात देतायत म्हणून घेऊ नका.

बजेट अडलं आणि दोनच टायर घ्यायचे ठरले, तर नवे मागे बसवा. दुकानदार पुढे बसवायला निघेल, "इंजिन पुढे आहे, स्टिअरिंग पुढे आहे" म्हणेल. पण ओल्या वळणावर पुढचे टायर सुटले तर गाडी सरळ जाते आणि पाय काढला की बहुतेक वेळा परत धरते. मागचे सुटले तर गाडी गर्रकन फिरते, आणि कुंभार्लीत ती फिरायला जागा नाही. पुढच्या झिजलेल्या जोडीला मग सहा महिन्यांच्या आत हात घाला.

बसवल्यावर अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग त्याच दिवशी, व्हॉल्व्ह नवे. पहिले दोनेकशे किलोमीटर ओल्यात जपून. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा पातळ थर असतो, तो घासून जाईपर्यंत कुठल्याही श्रेणीचा टायर आपल्या अक्षराला जागत नाही. आणि काढलेल्या चारांपैकी ज्याची नक्षी जास्त शिल्लक आहे तो स्टेपनीत टाकायचा मोह होईल. तुमची स्टेपनी गाडीइतकीच जुनी असेल तर तिची तारीख आधी बघा. नक्षी पूर्ण असली तरी सहा-सात वर्षांचं रबर मी घाटाच्या भरवशावर ठेवत नाही.